उन्हाळी टायर, पावसाळी घाट

कसाऱ्याहून विहीगावमार्गे खोडाळ्याला चढणारा आणि तिथून सूर्यमाळच्या पठारावरून मोखाड्याकडे जाणारा रस्ता पावसाळ्यात डोळ्यांचे पारणे फेडतो आणि गाडी चालवणाऱ्याची कसोटीही पाहतो. सूर्यमाळ समुद्रसपाटीपासून साधारण १८०० फुटांवर आहे. पलीकडे जव्हारचा मुकणे घराण्याचा राजवाडा आणि दाभोसा धबधबा, अलीकडे देवबांधचा गणपती आणि वैतरणेची धरणे. जून ते सप्टेंबर या टापूत पाऊस ठाण मांडून बसतो. याच दिवसांत मुंबई, ठाणे, नाशिककडच्या गाड्या सुट्टीच्या दिवशी इकडे वळतात. त्यांत अलीकडे ताकदवान इंजिनाच्या, बसक्या बांध्याच्या, रुंद टायरांच्या गाड्याही असतात. अशी गाडी घेणारा माणूस अश्वशक्ती, टॉर्क, शून्यापासून शंभरचा वेग हे सारे तोंडपाठ सांगतो. टायर बदलायची वेळ आली की मात्र तो दुकानदारावर किंवा मित्राच्या शिफारशीवर विसंबतो. ती शिफारस बहुधा कोरड्या रस्त्यावरच्या अनुभवाची असते. महाराष्ट्रात राहणाऱ्या स्पोर्ट्‌स कारच्या मालकाने उच्च क्षमतेचा उन्हाळी टायरच घ्यावा, पण त्याची निवड ओल्या रस्त्यावरच्या पकडीवर करावी, असे माझे ठाम मत आहे. कोरड्या रस्त्यावरचा पराक्रम दुसऱ्या क्रमांकावर, आणि दिसणे सगळ्यांत शेवटी.

टायर गाडीला रस्त्याशी किती जागेत धरून ठेवतो, ते आधी पाहू. गाडी आणि आतली माणसे मिळून १५०० किलो धरले तर प्रत्येक चाकावर सुमारे ३७५ किलोंचा भार येतो. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल तर तो भार पेलायला जेमतेम १६० चौरस सेंटिमीटर रबर जमिनीला टेकते, म्हणजे हाताचा पंजा टेकवावा एवढेच. इंजिन तीनशे अश्वशक्तीचे असो वा सहाशेचे, ब्रेक कितीही मोठे असोत, सगळा व्यवहार त्या चार पंजांतूनच होतो. आता घाटातले २० मीटर त्रिज्येचे एक वळण घेऊ. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.९ धरला तर हे वळण ताशी ४८ किलोमीटरपर्यंत निभते. ओल्या रस्त्यावर चांगल्या, ताज्या टायरचा घर्षणांक ०.६ धरला तर ही मर्यादा ३९ वर येते. टायर झिजलेला, रबर कडक झालेले आणि डांबर गुळगुळीत असेल तर ०.३५ धरावा लागतो आणि मर्यादा ३० वर उतरते. कोरड्यात ज्या वळणावर काही वाटतही नाही, तिथेच ओल्यात गाडी दरीकडे सरकू लागते.

ब्रेकचा हिशेब याहून बोलका आहे. ताशी ६० च्या वेगाने सपाट रस्त्यावर ब्रेक दाबला, तर ०.६ घर्षणांकाची गाडी साधारण २४ मीटरमध्ये थांबते आणि ०.३५ ची सुमारे ४० मीटरमध्ये. फरक १६-१७ मीटरांचा. पण खरी गोष्ट त्या मीटरांच्या आत दडलेली आहे. पहिली गाडी ज्या जागी पूर्ण थांबलेली असते, त्याच जागेवरून दुसरी अजून ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास वेगाने पुढे जात असते. आणि हा हिशेब सपाटीचा आहे. घाट उतरताना दोन्ही आकडे वाढतात, आणि दुसरा जास्त वाढतो. या रस्त्यांना पदपथ नाहीत. आश्रमशाळेतून घरी निघालेली मुले, डोक्यावर हंडे घेतलेल्या बाया, आठवडी बाजाराहून परतणारी माणसे, गुरे, सगळे याच डांबराच्या कडेने चालतात. त्या २४ आणि ४० मीटरांच्या मधल्या पट्ट्यात कोण असेल, हे गाडीवाल्याच्या हातात नसते. टायर कोणता घ्यायचा, हे असते.

आता उन्हाळी टायर म्हणजे काय ते पाहू. युरोप-अमेरिकेत उन्हाळी, हिवाळी आणि बारमाही अशा तीन जाती मानतात. फरक मुख्यतः रबराच्या मिश्रणाचा. उन्हाळी टायरचे मिश्रण उबदार हवेत मऊ राहून रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरते. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की ते आखडते आणि पकड कमी होते. बर्फाळ देशांत म्हणूनच हिवाळ्यात टायर बदलतात. आपल्याकडे ते कारणच नाही. मे महिन्यात दुपारच्या उन्हात डांबर साठ अंशांपर्यंत तापते, आणि पावसाळ्यात सूर्यमाळच्या धुक्यातही हवा विशीच्या घरात असते. सह्याद्रीपलीकडे निफाडला थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांखाली उतरतो हे खरे, पण ते पहाटेचे काही तास. त्या वेळी दोन-चार किलोमीटर सबुरीने चालवणे एवढाच उपाय पुरे. म्हणून उन्हाळी हे नाव आपल्या माणसाने ऋतूचे समजू नये. आपल्या हवामानात हा बारा महिन्यांचा टायर आहे. एखादा विक्रेता बारमाही टायर पावसासाठी चांगला म्हणून पुढे करतो, तेव्हा लक्षात ठेवावे की त्या टायरच्या रचनेत बर्फासाठी तडजोड केलेली असते. त्याची नक्षी जास्त बारीक चिरलेली आणि ठोकळे अधिक लवचिक असतात. सह्याद्रीतल्या उबदार पावसात त्या तडजोडीचे मोल आपण देतो आणि फायदा कोणाला तरी आल्प्समध्ये मिळतो.

उन्हाळी टायरांतही मोठी उतरंड आहे. एका टोकाला शांत, टिकाऊ, लांबच्या प्रवासाचे टायर. मध्ये मिशलिनचा पायलट स्पोर्ट, ब्रिजस्टोनचा पोटेन्झा स्पोर्ट, कॉन्टिनेन्टलचा स्पोर्टकॉन्टॅक्ट, गुडइयरचा ईगल एफ१ आणि पिरेलीचा पी झीरो या घराण्यांतले उच्च क्षमतेचे टायर. दुसऱ्या टोकाला शर्यतीच्या ट्रॅककडे झुकलेले, कमी खाचांचे, अर्धगुळगुळीत टायर, मिशलिनच्या पायलट स्पोर्ट कप २ सारखे. हौशी माणसाला या शेवटच्या जातीचा मोह होतो, कारण कोरड्या रस्त्यावरचे आकडे तिचेच सर्वांत चांगले. पण तिला पकड यायला आधी रबर तापावे लागते आणि तिच्या नक्षीची खोली नव्यातही कमी असते. पावसाचे पाणी रबर सतत गार करते, तापायला वाव देत नाही, आणि उथळ खाचांत पाणी मावत नाही. ट्रॅकवर नेण्यासाठी चाकांचा वेगळा संच ठेवणाऱ्याने हे टायर खुशाल घ्यावेत. मुंबईहून जव्हारला जाऊन त्याच चाकांवर परतणाऱ्याने घेऊ नयेत. मधल्या गटातले टायर हे काही हौसेला मुरड घालून केलेली निवड नव्हेत. कोरड्यात ते ट्रॅकच्या टायरांच्या फार मागे नसतात आणि ओल्यात फार पुढे असतात.

ओल्यात पुढे असण्याची दोन वेगळी कारणे आहेत, आणि खरेदीच्या वेळी ती एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो. पहिले कारण रबराचे. घाटात बहुतेक वेळा रस्त्यावर पाणी साचलेले नसते, नुसता ओला थर असतो. जूनच्या पहिल्या सरीत त्यात आठ महिन्यांची धूळ, सांडलेले डिझेल आणि झिजलेल्या रबराचा चिकटा मिसळतो, पुढे डोंगरउतारावरून वाहून आलेला लाल चिखल आणि कुजका पाला. हा पातळ थर भेदून खालच्या खडीला भिडायचे काम रबराच्या मिश्रणाचे आणि नक्षीतल्या बारीक चिरांचे. इथे सिलिका कामाला येते. पूर्वी टायरच्या रबरात बळकटीसाठी मुख्यतः काजळी घालत. १९९२ च्या सुमारास मिशलिनने सिलिकेचे मिश्रण व्यापारी टायरांत आणले आणि पुढे सगळ्यांनीच ते उचलले. चाक नुसते फिरत असताना रबर सावकाश, मोठ्या हालचालीने दबते. घसरणीच्या क्षणी खडीच्या टोकांवर ते अतिशय वेगाने, सूक्ष्म हालचालीने दबते. सिलिका योग्य रीतीने रबराशी बांधली की पहिल्या हालचालीत ऊर्जा कमी वाया जाते आणि दुसऱ्या हालचालीत रबर खडीला घट्ट चिकटून राहते. म्हणजे इंधनही वाचते आणि ओली पकडही वाढते. एका नामांकित टायरच्या जुन्या आणि नव्या पिढीत नक्षी जवळपास सारखी दिसूनही ब्रेकचे अंतर वेगळे का येते, याचे उत्तर डोळ्यांना न दिसणाऱ्या या मिश्रणात असते.

दुसरे कारण पाण्याचे. मुंबई-नाशिक महामार्गावर मुसळधार पावसात सखल जागी पाणी साचते आणि वेगातला टायर त्या पाण्यावर तरंगू लागतो. सुकाणू एकदम हलके होते, ब्रेक लागत नाही. नासाच्या लँग्ली केंद्रातले संशोधक वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवरच्या प्रयोगांतून याचे साधे सूत्र मांडले. तरंगण्याचा वेग टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. त्या सूत्राने ३३ पीएसआयला हा वेग ताशी ९६ किलोमीटरच्या जवळपास येतो, २४ पीएसआयला ८२ च्या. गाडीच्या टायरला ते तंतोतंत लागू पडत नाही. चांगल्या खोल खाचांचा टायर त्याहून जास्त वेगापर्यंत टिकतो, झिजून गोटा झालेला टायर सूत्राच्या जवळ येतो. पण दिशा स्पष्ट आहे. पावसाळ्यात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते, हा आपल्याकडे मुरलेला समज नेमका उलटा आहे. गाडीच्या दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेला दाब, टायर थंड असताना मोजून, पावसाळ्यातही तेवढाच ठेवावा. रुंदीचेही तसेच. टायर रुंद केला की टेकणाऱ्या जागेचे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही, आकार बदलतो. ती जागा आडवी आणि आखूड होते आणि तिला समोरचे जास्त पाणी बाजूला ढकलावे लागते. मागची चाके कंपनीने दिली त्याहून रुंद करणाऱ्यांनी हे विसरू नये. पोर्शेच्या ९११ कॅरेराच्या ९९२ पिढीला मागे आधीच २९५ मिलिमीटरचा टायर आहे, पुढे २३५ चा. त्यात आणखी भर घालायचे पावसाळी कारण एकही नाही.

मग दुकानात उभे राहून ओली पकड ओळखायची कशी? नक्षीकडे पाहून अंदाज बांधणे फसवे असते. आपल्याकडे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकित पट्टी टायरांवर येऊ लागली आहे, पण ती मुख्यतः फिरताना होणाऱ्या रोधाची, म्हणजे इंधनबचतीची. पाच तारे दिसले म्हणजे पावसात पाच पट भरवसा, असे मानणे धोक्याचे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये अधिसूचना काढून टायरांना ओल्या पकडीची, रोधाची आणि आवाजाची किमान पातळी घालून दिली. हे पाऊल चांगलेच, पण किमान पातळी खालचा टायर बाजूला काढते, वरच्यांतला कोणता सरस ते सांगत नाही. त्यासाठी युरोपीय संघाची पट्टी अधिक उपयोगी आहे. २०२१ पासून तिच्यात ओल्या पकडीला ए ते ई अशा श्रेणी आहेत, आणि ही माहिती मापागणिक सार्वजनिक असते. तेच मॉडेल आपल्याकडे आयात होत असेल, तर आपल्याच मापाची श्रेणी पाहून घ्यावी, कारण एकाच मॉडेलच्या दोन मापांत ती बदलू शकते. ओल्या पकडीत ए नसेल तर स्पोर्ट्‌स कारसाठी पुढे पाहायचेच नाही, एवढा कडक नियम मी सुचवेन. अमेरिकी पद्धतीची ट्रॅक्शन श्रेणी टायरच्या भिंतीवर छापलेली असते, पण ती सरळ रेषेतल्या, चाक लॉक झालेल्या ब्रेकची. वळणाचे ती काही सांगत नाही. तिच्याशेजारचा टिकाऊपणाचा आकडा तर कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करू नये.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. पाऊस चार महिने, उरलेले आठ महिने रस्ता कोरडा. मग आठ महिन्यांसाठी निवड का करू नये? वेळेचा हिशेब बरोबर, पण जोखमीचा नाही. कोरड्या रस्त्यावर सर्वोत्तम आणि त्याखालचा टायर यांतला फरक सार्वजनिक रस्त्यावर कायद्याने चालवणाऱ्याला जवळजवळ कधीच वापरायला मिळत नाही. समृद्धी महामार्गावरसुद्धा मर्यादा ताशी १२० ची आहे, आणि त्या वेगाला कोरड्यात या गटातला कोणताही टायर पुरून उरतो. ओल्यात मात्र मर्यादा एवढी खाली येते की साध्या वेगात, साध्या वळणावर, कोणतेही धाडस न करता माणूस तिला जाऊन भिडतो. आठ महिने न वापरलेली वरची पकड आणि चार महिने रोज लागणारी खालची पकड यांत कोणती विकत घ्यावी, याचे उत्तर मला तरी एकच दिसते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो सुरक्षेचा विचार करणारी माणसेच घेतात. चांगला टायर दिला की चालक धीट होतो, वेग वाढवतो, आणि मिळालेली सगळी पकड वेगात उधळून टाकतो. त्यापेक्षा सावकाश चालवा असे सांगणे बरे. या म्हणण्यात तथ्य आहे. महाराष्ट्रात दरवर्षी पंधरा हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मरतात. त्यांतली सगळी टायरमुळे मरत नाहीत. वेग हे मोठे कारण आहेच. पण सावकाश चालवणे आणि चांगला टायर घेणे यांत निवड करायची नसते. सावकाश चालवणाऱ्यासमोरही वळणावर अचानक म्हैस येते. त्या क्षणी वेग ठरून गेलेला असतो, उरतो फक्त टायर. एबीएस आणि इलेक्ट्रॉनिक स्थैर्य यंत्रणा यांच्याबाबतही हेच. त्या उपलब्ध पकड शहाणपणाने वापरतात, नवी पकड निर्माण करत नाहीत. गोटा टायरांवरचे एबीएस चाक लॉक होऊ देणार नाही आणि गाडी वळवताही येईल, पण अंतर कापायचे तेवढे कापणारच. धीटपणाचा धोका खरा मानून मी एवढेच म्हणेन की जास्तीची पकड ही राखीव ठेव आहे. ती रोज खर्च करणाऱ्याच्या हाती ती निकडीच्या वेळी उरत नाही.

तिसरा आक्षेप खड्ड्यांचा, आणि तो मोखाडा-जव्हारच्या बाजूला कोणी हसण्यावारी नेऊ नये. त्र्यंबकेश्वरहून तोरंगण घाटाने मोखाड्याला या, नाहीतर मनोर-विक्रमगडकडून जव्हारला चढा. पावसाळ्याच्या उत्तरार्धात डांबराच्या कडा तुटलेल्या असतात आणि पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते कळत नाही. बसक्या टायरची भिंत अशा वेळी रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटते. आतले धागे तुटतात आणि भिंतीवर फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो. त्यावर उपाय म्हणून काहीजण जाड, कडक, एसयूव्हीसारख्या टायरकडे वळतात आणि ओली पकड गमावतात. त्याहून शहाणा मार्ग एक इंच लहान रिमचा. २२५/४० आर १८ या मापाची भिंत ९० मिलिमीटरची. त्याच गाडीला कंपनीने २२५/४५ आर १७ मान्य केले असेल, तर भिंत १०१ मिलिमीटरची होते आणि चाकाच्या एकूण व्यासात अर्ध्या टक्क्याचाही फरक पडत नाही. अकरा मिलिमीटर रबर आणि हवा जास्त मिळते. दिसायला चाक थोडे लहान वाटेल, ते वाटू द्यावे. ब्रेकचा कॅलिपर आत मावतो का आणि कंपनी त्या मापाला मान्यता देते का, एवढे आधी तपासावे. यात एक व्यावहारिक बाबही आहे. बऱ्याच स्पोर्ट्‌स कारना स्टेपनी नसते. २०२० च्या नियमबदलाने हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या गाड्यांना ती ठेवण्याची सक्तीही राहिलेली नाही. तो संच खिळ्याच्या भोकाला पुरतो, फाटलेल्या भिंतीला नाही. खोडाळ्याच्या पंक्चरवाल्याकडे २० इंची टायर मिळण्याची अपेक्षा करू नये. तो नाशिकहून किंवा मुंबईहून येईपर्यंत गाडी तिथेच उभी राहील.

मापाइतकेच महत्त्व टायरच्या वयाला आहे, आणि आपल्या बाजारात ते जास्तच. जून २०२० पासून नव्या टायरांची आयात परवान्याखाली आली. रोजच्या मापांचे टायर देशात भरपूर बनतात. सिएट मूळचे इटलीचे, पण आता मुंबईचे आहे, आणि नाशिक व बुटीबोरीला त्याचे कारखाने आहेत. ब्रिजस्टोन चाकणला बनवते. अपोलोने व्रेडेस्टाइन हा डच ब्रँड विकत घेऊन पुढे भारतातही आणला. पण १९-२० इंची, रुंद, उच्च क्षमतेच्या मापांची मागणी थोडी आणि पुरवठा त्याहून अनियमित. त्यामुळे गोदामात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर नवा म्हणून मिळण्याची शक्यता इथे जास्त. आपल्याकडच्या गोदामांतली उष्णता रबराला म्हातारे करते. ते कडक होते, आणि त्या कडकपणाची किंमत पहिली वसूल होते ती ओल्या रस्त्यावर. टायरच्या भिंतीवर डीओटी अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे वाचावेत. २३२४ असेल तर तो २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. काही वेळा हे चार आकडे एकाच बाजूच्या भिंतीवर असतात, दिसले नाहीत तर टायर उलटून पाहावा. वर्षाच्या आतला मिळाला तर उत्तम, दोन वर्षांहून जुना असेल तर सवलत कितीही असो, सोडून द्यावा. सोबत आयएसआय चिन्ह पाहावे, आणि गाडी कंपनीची खूण असेल तर तीही. पोर्शेसाठी एन आणि पुढे आकडा, मर्सिडीजसाठी एमओ, बीएमडब्ल्यूसाठी तारा. अशा खुणेचा टायर त्या गाडीच्या वजनासाठी आणि सस्पेन्शनसाठी जुळवून घेतलेला असतो. वेगाच्या अक्षराबाबत काटकसर करू नये. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर, आणि तो वेग इथे कोणी गाठणार नाही हे खरे, पण ते अक्षर टायरची उष्णता सोसण्याची ताकदही सांगते.

उरतो पैशाचा आक्षेप. हे टायर महाग असतात आणि मऊ असल्याने लवकर झिजतात. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तरी चार टायरांचा खर्च डोळ्यांत भरतोच. यावर मार्ग स्वस्त टायरचा नाही, वेळेवर बदलण्याचा आहे. मागच्या चाकांनी चालणाऱ्या ताकदवान गाडीत मागचे टायर आधी संपतात, आणि पुढचे-मागचे माप वेगळे असल्याने अदलाबदलही करता येत नाही. मालक पुढची नक्षी पाहून निर्धास्त राहतो आणि ओल्या वळणावर गाडीची शेपटी बाहेर जाते. म्हणून मागचे टायर आधी तपासावेत, आणि दोनच बदलायचे असतील तरी चांगली जोडी मागे असावी. कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. हा दंडाचा आकडा आहे, पावसाचा नाही. ब्रिटनमध्ये मायरा या संस्थेत झालेल्या चाचण्यांत ताशी ५० मैलांवरून ब्रेक लावल्यावर १.६ मिलिमीटरच्या टायरला नव्यापेक्षा ओल्या डांबरावर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आणि गुळगुळीत काँक्रीटवर त्याहूनही जास्त अंतर लागले. आपल्याकडे महामार्गांचे काँक्रीटीकरण वाढते आहे, तेव्हा काँक्रीटवरचा हा निष्कर्ष विशेष ध्यानात घ्यावा. पावसाळा तोंडावर असताना ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मी संपलेला धरतो.

खरेदीचा काळही यावरूनच ठरतो. मुंबईत मान्सून पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून, आणि सूर्यमाळच्या डोंगरांवर तो त्याच सुमारास पोहोचतो. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटताना लागलेला बुळबुळीत थर असतो, तो जायला आणि नक्षी बसायला काहीशे किलोमीटर बेताचे चालवावे लागते. ते कोरड्यात झालेले बरे. म्हणून मेच्या मध्याला टायर बसवावेत. आतली आणि बाहेरची बाजू वेगळी असलेल्या नक्षीवर बाहेरची बाजू खरोखर बाहेर आली आहे ना, ते गाडी लिफ्टवरून उतरण्याआधी स्वतः वाकून वाचावे. मग अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि थंड टायरवर मोजलेली हवा. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ते काहीशे किलोमीटर पूर्ण होतात आणि पहिल्या सरीला टायर तयार असतात.